डॉटनेट : अनेक भाषांची एक मंडई

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या आज्ञावलीविषयी लिहावे, हे वाचकांपैकी अनेकांना विचित्र वाटेल. प्रारंभी मलाही तसेच वाटले होते. परंतु या लेखामागे माझ्यावरील एक जुने ऋण आहे. ते फेडण्याचा प्रयत्न केल्याशिवाय दुसऱ्या विषयाकडे वळणे मला प्रशस्त वाटले नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी पुण्याला महात्मा फुले मंडईत गेलो होतो. बाहेरच्या बाजूला पालेभाज्या घेऊन बसणाऱ्या एका ताईंनी "जय भीम, सर" अशी हाक दिली. त्यांचा मुलगा आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी. २००३ साली बारावी झाल्यावर तो माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. "सर, प्रोग्रॅमिंगचा क्लास लावू का?" असे त्याने विचारले होते. मी म्हणालो होतो, "बाळ, क्लासची फी, घरात संगणक, त्यावरची महागडी सॉफ्टवेअरे, हे आपल्या आवाक्यातले नाही. टायपिंग कर, एमएस-सीआयटी कर, कुठेतरी ऑपरेटर म्हणून लागशील." त्याने ऐकले. आज तो एका कार्यालयात, दुसऱ्या कोणी लिहिलेल्या आज्ञावलीत दिवसभर आकडे भरतो. नोकरी कष्टाची आणि प्रामाणिक आहे, तिच्यावर घर चालते. तिच्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्याने मला विचारला होता तो प्रश्न वेगळा होता आणि मी त्याचे दार लावून घेतले होते.

त्या दिवशी त्याची मुलगी आजीशेजारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. ती आपल्याच शाळेत नववीत शिकते. तिने विचारले, "सर, सुटीत मी डॉटनेट शिकू का? बाबांच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर त्यातच केलंय, असं ते म्हणतात." मी काही बोलण्याआधीच आजी म्हणाल्या, "सर, हिच्या बापाला तुम्ही नगं म्हणाला होता. आता हिला काय सांगताय?"

मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांचे तीन महिने झाले. या काळात वाचून, विचारून, आणि वयाच्या या टप्प्यावर स्वतः चार ओळी टंकून मला जे समजले, ते येथे मांडतो. हा लेख तज्ज्ञांसाठी नाही. ज्यांनी आजवर आज्ञावलीची एकही ओळ लिहिलेली नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आहे.

ज्या इमारतीच्या सावलीत हा प्रश्न पडला

विषयाकडे वळण्यापूर्वी त्या जागेविषयी थोडे सांगणे मला अगत्याचे वाटते. मंडईची ती दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा असलेली, १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. लॉर्ड रे हे तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. ही इमारत उभारण्याचा विचार नगरपालिकेत चालू असताना, सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी तिच्यावरील भल्यामोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा रयतेच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव मिळाले. इतिहासात असे योग येतात.

त्यांचा मुद्दा मात्र जुना झालेला नाही. एखादी मोठी व्यवस्था उभी राहते, तेव्हा तिच्यात आपल्या मुलांचे स्थान कोणते? तिच्यात केवळ माल वाहायचा, की तिची रचना समजून घेऊन तिच्यात भर घालायची? संगणकाच्या बाबतीत हाच प्रश्न आज आपल्यासमोर आहे.

मूळ अडचण कोणती होती?

संगणकाच्या आतील यंत्राला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. त्याला केवळ शून्य आणि एक यांच्या लांबलचक रांगा कळतात. यांना यंत्रभाषा म्हणतात. माणसाने अशा रांगा लिहीत बसणे अशक्यप्राय असल्यामुळे मधल्या पायरीच्या भाषा निर्माण झाल्या. बेसिक, पास्कल, सी, जावा ही त्यांपैकी काहींची नावे. माणूस अशा भाषेत आज्ञा लिहितो आणि 'कंपायलर' नावाचा भाषांतरकार त्यांचे रूपांतर करतो.

यातून दोन भिंती उभ्या राहिल्या. पहिली भिंत भाषाभाषांमधली. एका भाषेत लिहिलेला भाग दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या भागाशी सहजासहजी बोलू शकत नसे. कारण संख्या कशी साठवायची, अक्षरे कशी ठेवायची, याचे प्रत्येक भाषेचे नियम निराळे. दुसरी भिंत यंत्रायंत्रांमधली. विंडोजसाठी तयार केलेली आज्ञावली लिनक्सवर चालत नसे आणि लिनक्सवरची अ‍ॅपलच्या संगणकावर चालत नसे. तेच काम तीनदा करावे लागे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दुसरी अडचण अपरिचित नाही. सम्राट अशोकाला आपला संदेश दूरदूरच्या प्रजेपर्यंत पोहोचवायचा होता. आपल्या सोपाऱ्याला त्याचे आदेश ब्राह्मी लिपीत कोरलेले सापडले. वायव्येला शाहबाजगढीला ते खरोष्ठी लिपीत आहेत आणि कंदहारला ग्रीक व अरामाईक भाषांत आहेत. आशय एक, पण ज्या भूमीवर तो वाचला जायचा तिच्यानुसार लिपी किंवा भाषा वेगळी. प्रत्येक ठिकाणी हे काम जाणत्या माणसांना हाताने करावे लागले. डॉटनेटने हे भाषांतराचे काम यंत्रावरच सोपवले, असे म्हटले तर विषयाचे मर्म हाती येईल.

डॉटनेट म्हणजे काय?

डॉटनेट ही भाषा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. डॉटनेट ही आज्ञावली तयार करण्याची आणि चालवण्याची एक संपूर्ण चौकट आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची घोषणा २००० साली केली आणि २००२ साली तिची पहिली आवृत्ती आली. या चौकटीत लिहिण्यासाठी आज प्रामुख्याने तीन भाषा आहेत : सी-शार्प, एफ-शार्प आणि व्हिज्युअल बेसिक. त्यांपैकी सी-शार्प सर्वाधिक वापरली जाते. डेन्मार्कचे अँडर्स हेल्सबर्ग हे तिच्या रचनेचे प्रमुख शिल्पकार.

या चौकटीचे चार मुख्य भाग आहेत. ते समजावून घेण्यासाठी पुन्हा मंडईतच जाऊ.

पहिला भाग म्हणजे सामाईक मापे. आपल्या आजोबांच्या काळी धान्य पायलीने आणि अधोलीने मोजले जाई, वजन शेर आणि मण यांत होई, आणि एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाइतकाच असेल याचा भरवसा नसे. १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक मापे आणण्याचे ठरले आणि पुढच्या काही वर्षांत किलोग्रॅम रुळला. त्यानंतर जुन्नरचा शेतकरी आणि पुण्याचा आडत्या यांच्यात मापावरून वाद राहिला नाही. डॉटनेटमध्ये असाच एक सर्वमान्य मापांचा संच आहे. पूर्णांक म्हणजे किती जागा, अक्षरांची ओळ कशी साठवायची, तारीख कशी, हे तिन्ही भाषांसाठी एकदाच ठरलेले आहे. त्यामुळे व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला भाग सी-शार्पमध्ये लिहिणाऱ्याला आपलाच असल्यासारखा वापरता येतो. या चौकटीत कोणतीही भाषा दुसरीची आश्रित नाही.

दुसरा भाग म्हणजे मधली भाषा. तुम्ही तिन्हींपैकी कोणत्याही भाषेत लिहा, कंपायलर तिचे रूपांतर थेट यंत्रभाषेत करीत नाही. तो ते एका सामाईक 'मध्यस्थ भाषेत' करतो. ही मध्यस्थ भाषा कोणत्याही एका यंत्राची नसते, म्हणूनच ती सर्व यंत्रांवर नेता येते. तिच्यासोबत त्या मालाची यादीही बांधलेली असते : आत कोणते भाग आहेत, त्यांना काय द्यावे लागते, त्यांच्याकडून काय मिळते. गोणीला बांधलेल्या चिठ्ठीसारखी ही यादी असते. ती पाहून दुसऱ्या भाषेतला कारागीर गोणी न फोडताच आतला माल ओळखतो.

तिसरा भाग म्हणजे चालक यंत्रणा, इंग्रजीत तिला 'रनटाइम' म्हणतात. मंडईबाहेरचा उसाच्या रसाचा गाडीवाला सकाळीच सगळा ऊस पिळून ठेवत नाही. गिऱ्हाईक आले की ऊस चरकात घालतो. त्याचप्रमाणे आज्ञावली प्रत्यक्ष चालू झाली, की तिच्या ज्या भागाची गरज पडते, त्याचे मध्यस्थ भाषेतून त्या विशिष्ट यंत्राच्या भाषेत ऐनवेळी भाषांतर होते. विंडोजवर विंडोजची चालक यंत्रणा, लिनक्सवर लिनक्सची, अ‍ॅपलच्या संगणकावर त्याची. एकदा भाषांतरित झालेला भाग आज्ञावली चालू असेपर्यंत हाताशी राहतो, तो पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. अलीकडे, ज्यांना सुरुवातीचा हा क्षणभराचा विलंबही नको असतो, त्यांच्यासाठी सगळे भाषांतर आधीच करून ठेवण्याची सोयही करण्यात आली आहे.

चौथा भाग म्हणजे तयार मालाचे कोठार. तारखा मोजणे, फाइल उघडणे, याद्या लावणे, जाळ्यावरून माहिती आणणे, अशी शेकडो कामे आधीच कोणीतरी नीट करून ठेवलेली असतात. आपण ती केवळ बोलवायची. याशिवाय जगभरातील लोकांनी तयार केलेले भाग 'नुगेट' नावाच्या सार्वजनिक भांडारातून मिळतात. त्यांतले बहुतेक विनामूल्य असतात.

झाडलोटीची गोष्ट

या चौकटीतली एक व्यवस्था मला विशेष आवडली. आज्ञावली चालताना संगणकाच्या स्मृतीत जागा अडवत जाते. हिशेबासाठी एक आकडा ठेवला, नावासाठी एक ओळ ठेवली. काम झाल्यावर ती जागा रिकामी करणे जुन्या भाषांत लिहिणाऱ्याचीच जबाबदारी असे. तो विसरला की जागा अडून राही आणि अखेरीस आज्ञावली कोसळे. चुकून वापरातली जागाच रिकामी केली, तर अनर्थ आणखी मोठा.

डॉटनेटमध्ये हे काम एक स्वतंत्र यंत्रणा करते. तिचे इंग्रजी नावच 'कचरा गोळा करणारा' अशा अर्थाचे आहे. तिची पद्धत मंडईतल्या अनुभवासारखीच आहे. कोथिंबीर, मेथी हा माल सकाळी आला की संध्याकाळपर्यंत विकला तरी जातो किंवा सुकून टाकावा तरी लागतो. कांदा-बटाटा मात्र आठवडेच्या आठवडे राहतो. म्हणून शहाणी बाई पालेभाजीची टोपली दिवसातून चारदा चाळते, कांद्याची गोणी क्वचितच उपसते. ही यंत्रणाही तेच करते. स्मृतीतील वस्तूंच्या ती तीन पिढ्या करते : नुकत्याच आलेल्या, थोड्या टिकलेल्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या. नव्या वस्तूंची तपासणी वारंवार होते, कारण त्याच लवकर निरुपयोगी होतात. जुन्यांची क्वचित होते. ज्या वस्तूकडे आज्ञावलीतून पोहोचण्याची कोणतीही वाट उरलेली नाही, तीच टाकाऊ ठरते. एवढ्या बारकाईने हे ठरवले जात असल्यामुळे नवशिक्याचे लक्ष आपल्या मूळ कामाकडे राहू शकते.

भिंत आणि तिचे पडणे

आता मी माझ्या त्या २००३ सालच्या सल्ल्याकडे येतो. त्या वेळी डॉटनेट बहुभाषिक असले, तरी ते प्रत्यक्षात विंडोजपुरतेच होते. त्यासाठी विंडोजचा परवाना लागे आणि त्यात काम करण्याचे 'व्हिज्युअल स्टुडिओ' हे साधन विकत घ्यावे लागे. माझी माहिती त्या दिवशी चुकीची नव्हती. भिंत खरोखरच उंच होती.

परंतु तेव्हाही तिला एक फट होती. डॉटनेटच्या मध्यस्थ भाषेची आणि चालक यंत्रणेची नियमावली २००१ च्या डिसेंबरातच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली होती. नियम जाहीर असले, की त्यांवरून दुसऱ्यालाही तसेच यंत्र उभे करता येते. मेक्सिकोचे मिगेल द इकाझा यांनी त्याच वर्षी 'मोनो' नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि २००४ मध्ये लिनक्सवर चालणारी, खुली, स्वतंत्र चालक यंत्रणा लोकांच्या हाती दिली. ज्ञान लिखित आणि सर्वांसाठी खुले असले की किती फरक पडतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

खरा बदल २०१४ च्या नोव्हेंबरात झाला. मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचा गाभा खुला करण्याचे जाहीर केले. मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी, तिच्यावर आपले उत्पादन उभारून विकावे, अशी परवानगी देणाऱ्या परवान्याखाली ती आली. जून २०१६ मध्ये 'डॉटनेट कोअर' या नावाने विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणारी पहिली आवृत्ती आली. २०२० च्या नोव्हेंबरात 'कोअर' हा शब्द गळून 'डॉटनेट ५' आले. तेव्हापासून दर नोव्हेंबरात एक नवी आवृत्ती येते. सम क्रमांकाच्या आवृत्तीला तीन वर्षे दुरुस्त्या मिळतात, म्हणून नवशिक्याने सम क्रमांकाचीच घ्यावी. २०२५ च्या नोव्हेंबरात दहावी आवृत्ती आली आहे.

म्हणजे २०१४ नंतर भिंत पडत गेली होती. वापराचे शुल्क नाही, विंडोजची सक्ती नाही, लिहिण्याचे साधनही विनामूल्य. तरी मी मात्र त्यानंतरही, जो मुलगा येईल त्याला २००३ सालचेच उत्तर देत राहिलो. भिंत पडल्याची वार्ता माझ्यापर्यंत पोहोचायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि तीही मंडईत बसलेल्या एका आजीच्या प्रश्नामुळे पोहोचली. माझी खरी चूक ही आहे. २००३ चा सल्ला परिस्थितीने दिला होता. नंतरचा सल्ला माझ्या न विचारण्याने दिला. शिक्षकाने न तपासता दिलेला जुना सल्ला हीसुद्धा एक भिंतच असते.

सुरुवात कशी करावी?

आज्ञा आणि सूचना रोमन अक्षरांतच टंकायच्या असतात; येथे मी त्यांचे उच्चार देत आहे.

प्रथम डॉटनेटच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'एसडीके', म्हणजे निर्मितीसाठी लागणारा संच, उतरवून घ्यावा. दुसरे, 'व्हीएस कोड' हे लिहिण्याचे हलके साधन घ्यावे. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही ते बरे चालते. ज्यांच्याकडे चांगला विंडोज संगणक आहे, त्यांनी 'व्हिज्युअल स्टुडिओ'ची कम्युनिटी आवृत्ती घ्यावी. ती विद्यार्थ्यांना विनामूल्य आहे.

मग आज्ञापटल, म्हणजे 'टर्मिनल', उघडून 'डॉटनेट न्यू कन्सोल' अशी आज्ञा द्यावी. एक छोटा तयार सांगाडा उभा राहतो. 'डॉटनेट रन' म्हटले की तो चालतो आणि पडद्यावर एक अभिवादन उमटते. पूर्वी एवढ्यासाठीही आठ-दहा ओळी लिहाव्या लागत. आता सी-शार्पमध्ये एक ओळ पुरते : 'कन्सोल डॉट राइटलाइन' आणि पुढे कंसात, अवतरणचिन्हांत, आपला मजकूर. हा मजकूर मराठीत असला तरी चालतो. काही जुन्या पडद्यांवर जोडाक्षरे तुटलेली दिसतात. तो दोष त्या पडद्याचा असतो, तुमच्या आज्ञावलीचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी हिशेब करावा. मेथीचा भाव आणि जुड्यांची संख्या यांसाठी दोन डबे करायचे, त्यांचा गुणाकार तिसऱ्या डब्यात ठेवायचा. या डब्यांना 'चल' म्हणतात. येथे एक आनंदाची गोष्ट सांगतो. सी-शार्पमध्ये चलाचे नाव देवनागरीतही ठेवता येते. 'भाव', 'नग', 'रक्कम' अशी नावे यंत्र बिनतक्रार स्वीकारते. मात्र अंक इंग्रजी पद्धतीचेच हवेत आणि मूळ आज्ञाशब्दही इंग्रजीच. आपल्या त्या विद्यार्थिनीची पहिली चूक हीच झाली. तिने भाव देवनागरी अंकांत लिहिला आणि कंपायलरने लाल रेघ ओढली. ती क्षणभर हिरमुसली. मी तिला म्हणालो, "तांबडी रेघ म्हणजे नापासाचा शेरा नव्हे. तो आज्ञावली चालण्याआधीच चूक दाखवतोय, हे त्याचे उपकार."

तिसरा धडा पैशांचा. दशांश अपूर्णांक ठेवण्यासाठी 'डबल' नावाचा प्रकार आहे. त्यात शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज केली, तर नेमके शून्य दशांश तीन न येता शेवटी अतिसूक्ष्म फरक पडतो. कारण यंत्र दोनच्या पटीत मोजते आणि आपण दहाच्या. विज्ञानातील मापनाला हा फरक चालतो. हिशेबाला चालत नाही. म्हणून पैशांसाठी 'डेसिमल' हा प्रकार वापरावा आणि संख्येच्या शेवटी 'एम' हे अक्षर जोडावे. अडीच किलो टोमॅटो, साडेअडतीस रुपये किलो, म्हणजे ९६ रुपये २५ पैसे, हे उत्तर तेथे नेमके मिळते.

ज्या मुलांकडे केवळ मोबाइल आहे, त्यांनी 'डॉटनेट फिडल' या संकेतस्थळावर सराव करावा. तेथे काहीही उतरवून न घेता तिन्ही भाषांत छोट्या आज्ञावल्या लिहून चालवता येतात. 'फ्रीकोडकॅम्प' या संस्थेने मायक्रोसॉफ्टसोबत २०२३ पासून सी-शार्पच्या पायाभूत अभ्यासाचे विनामूल्य प्रमाणपत्रही उपलब्ध केले आहे. अभ्यास इंग्रजीत आहे, परंतु वाक्ये लहान आहेत. शब्दांची वही करून रोज दोन पाने वाचली, तर आपली नववी-दहावीची मुले ते निश्चित पेलतील.

काही सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना नावांविषयी. 'डॉटनेट फ्रेमवर्क', 'डॉटनेट कोअर' आणि नुसते 'डॉटनेट' अशी तीन नावे पुस्तकांत आढळतात. 'फ्रेमवर्क' ही जुनी, केवळ विंडोजवर चालणारी शाखा. तिची शेवटची मुख्य आवृत्ती ४.८ आहे. 'कोअर' हे मधल्या काळातील नाव. आज शिकायचे ते नुसते डॉटनेट. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचे गठ्ठे स्वस्तात मिळतात. घेण्यापूर्वी आतल्या पानावरचे प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती पाहावी. जुन्या पुस्तकातून भाषेचा पाया शिकता येतो, पण उभारणीच्या पायऱ्या जुळत नाहीत. मीही प्रथम असेच एक पुस्तक आणले आणि आठवडा वाया घालवला.

दुसरी सूचना क्लासविषयी. नोकरीची हमी देऊन मोठी फी आगाऊ घेणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. आधी महिनाभर विनामूल्य साधनांवर हात चालवून पाहावा. गोडी लागली आणि मार्गदर्शनाची गरज भासली, तरच पैसे खर्च करावेत. आणि फी भरण्यापूर्वी विचारावे, कोणती आवृत्ती शिकवता? उत्तर अडखळले, तर परत फिरावे.

तिसरी सूचना, डॉटनेट हाच एकमेव मार्ग आहे, असा समज करून घेऊ नये. एकदा लिहून सगळ्या यंत्रांवर चालवण्याची कल्पना जावाने नव्वदच्या दशकातच रुजवली होती. प्रारंभासाठी पायथन अधिक सोपी आहे, असे पुष्कळांचे मत आहे. डॉटनेटचे बळ असे, की एकाच शिकण्यातून संकेतस्थळे, कार्यालयीन सॉफ्टवेअर, मोबाइलवरील अ‍ॅप आणि 'युनिटी'च्या साहाय्याने खेळही तयार करता येतात. तरीही, विंडोजच्या खिडक्या रंगवणारे त्यातले काही जुने भाग आजही केवळ विंडोजवरच चालतात. 'सर्व यंत्रांवर' हा शब्द वापरताना हा अपवाद ध्यानात ठेवावा.

शेवटी

सुटी संपताना मी पुन्हा मंडईत गेलो. मुलीने आजीसाठी तयार केलेली आज्ञावली दाखवली. भाव आणि नग टाकले, की रक्कम येते. आजींनी ती पाहिली आणि हसून म्हणाल्या, "हे तर मी तोंडीच करते." ते खरेच होते, त्यांचा हिशेब यंत्राआधी तयार होता. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "कोणाकडं किती उधारी राहिली, ते सांगंल का हे?"

मुलगी गप्प झाली. कारण आज्ञावली बंद केली की त्यातले आकडे पुसले जातात. ते टिकवायचे, तर फाइल लिहिणे शिकावे लागेल, नावांची यादी ठेवावी लागेल, तारीख नोंदवावी लागेल. सध्या ती रविवारी शाळेच्या संगणक कक्षात बसून त्यावर काम करीत आहे. शेजारी तिच्या वर्गातली आणखी चार मुले बसतात आणि मागच्या बाकावर मी. दर महिन्याला एकदा तिचे वडीलही येतात. बावीस वर्षांपूर्वी मी त्यांना जे नाही म्हणालो होतो, ते आता आम्ही दोघे त्यांच्या मुलीकडून शिकत आहोत.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार या मुलांना द्यावा. ज्यांच्या घरी जुना पण चालू लॅपटॉप पडून आहे, त्यांनी तो कार्यालयात आणून द्यावा; लिनक्स टाकून तो वापरता येतो, हे आम्ही करून पाहिले आहे. पालकांना आणि सहकारी शिक्षकांना एवढेच सांगणे आहे, की मूल विचारील तेव्हा आपल्याला ठाऊक असलेले जुने उत्तर देण्याआधी, आठ दिवसांची मुदत मागून घ्यावी.